पेठेतला जुना वाडा सांभाळायचाय? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची

पेठेतला वाडा बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी जातो, पाणी आणि कागद. सागवान दोनशे वर्षं टिकतं, दगडी जोतं म्हणजे खालचा चौथरा त्याहून जास्त, पण कौलातून गळणारं पाणी चार-पाच पावसाळे कुणी बघितलंच नाही की भिंतीतलं तुळईचं, म्हणजे आडव्या जाड लाकडाचं, टोक कुजतं, आणि हिस्सेदारांच्या सह्या जमत नाहीत तोवर गळती थांबवायचे पैसे कुणी काढायचे हेच ठरत नाही, मग पुढचा पावसाळा येतो. आजोबांच्या वाड्याची जबाबदारी नुकतीच अंगावर आलीये, किंवा जुने भाडेकरू आहात आणि वाडा उभा राहावा असं मनापासून वाटतंय, अशांसाठी हे लिहितेय. सगळं पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार या पेठा डोळ्यासमोर ठेवून आहे. वाई, सातारा, नाशिककडच्या वाड्यांना बांधकामाचा भाग बराचसा लागू पडेल, नियम मात्र तुमच्या नगरपालिकेत विचारून घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी रंग काढतात, फरशी बदलतात, दर्शनी भाग चकाचक करतात आणि छप्पर शेवटी, तोवर पैसे संपलेले असतात.

पायरी १: काहीही हलवायच्या आधी नोंद करा

मोबाईल घ्या आणि दिंडी दरवाजापासून सुरू करा. देवडी, पहिला चौक, ओसरी, माजघर, जिना, माडी, प्रत्येक खोलीच्या चार भिंती, वरची तक्तपोशी म्हणजे लाकडी छत, खालची जमीन. प्रत्येक खांबाला आणि दाराला खडूने नंबर टाका आणि तोच नंबर फोटोत येऊ द्या. मग साध्या कागदावर नकाशा काढा, खणांच्या हिशोबाने काढलात तर सोपं जातं कारण वाडा मुळात खणांवरच बेतलेला असतो, दोन खांबांमधलं अंतर कळलं की अर्धा नकाशा आपोआप बसतो. कोनाडे, फडताळं, बळद (भिंतीतली धान्याची कोठी), आड (चौकातली विहीर), बुजवलेला हौद, सगळं दाखवा.

ही नोंद नुसती हौस नाहीये. शेजारचा प्लॉट खोदायला घेतला आणि तुमच्या भिंतीला तडा गेला तर तडा आधीपासून होता की नव्हता हे तारखेच्या फोटोशिवाय सिद्ध करता येत नाही. शिवाय दुरुस्तीत लाकूड उतरवलं की कुठली महिरप कुठल्या खांबावरची हे सुतारालाही आठवत नाही, आणि नक्षीचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, जुन्या दारांच्या चौकटी याला बाजारात भरपूर गिऱ्हाईक आहे, नोंद नसलेली वस्तू पहिली नाहीशी होते.

वय ठरवताना घाई करू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती पाण्यात भिजून अक्षरशः बसल्या. त्यामुळे नारायण, शनिवार, कसबा या भागात एकाच वाड्यात पुढची बाजू पेशवाईतली आणि मागची साठीतली असं सर्रास दिसतं. कुठला भाग कधीचा हे वाड्यात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. पाणी कुठवर चढलं होतं, कुठली भिंत नंतर विटांची बांधली, आड कधी बुजवला, ही माहिती कुठल्याच ऑफिसात मिळत नाही.

पायरी २: कागद

सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर नावं कुणाची आहेत ते बघा, बऱ्याच वाड्यांवर अजून पणजोबांचंच नाव असतं. वारस नोंदी राहिल्या असतील तर त्या आधी लावून घ्या. आत्यांची नावं वगळून भागत नाही, त्यांचा हिस्सा कायद्याने आहे आणि नंतर निघालेला वाद दुरुस्ती मधेच थांबवतो. सोबत मिळकतकराची जुनी बिलं, भाडेपावत्या, आधी केलेल्या दुरुस्तीच्या परवानग्या, वाटणीपत्र असेल तर ते, सगळं एका फाईलीत. कंटाळवाणं काम आहे पण ते झाल्याशिवाय पुढे कुणी दारात उभं करत नाही.

पायरी ३: माणसं

हिस्सेदारांना एकदम "वाडा वाचवायचा" असं म्हणून बोलवू नका, निम्मे लोक तिथेच बिल्डरचा विषय काढतील. "यंदा छप्पर गळतंय, एवढा खर्च आहे, कोण किती देतंय" एवढाच प्रश्न ठेवा. छोट्या कामावर एकमत झालं की मोठ्यावर बोलता येतं. ठरलं ते लिहून सह्या घ्या, चुलत भाऊ असला तरी.

भाडेकरूंचा विषय नाजूक आहे आणि दोन्ही बाजूंना भीती असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्यात घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकावर आहे. मालकाने लेखी नोटिशीनंतर १५ दिवसांत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आता पेठेतलं भाडं काय असतं ते सगळ्यांना माहितीये, त्या चौथ्या हिश्श्यात दहा कौलं पण येणार नाहीत. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभाही याच कायद्यात आहे, ती वापरली तरी मालकाच्या हाती फार काही लागत नाही. म्हणून खर्चाची आपसात वाटणी करून लेखी समजुतीचा कागद करणं हाच मार्ग राहतो आणि माझ्या मते तोच चांगला आहे. भाडेकरूंना हेही सांगा की इमारत पडली म्हणून भाडेहक्क संपत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेला आहे. ही भीती गेली की लोक दुरुस्तीला खोली मोकळी करून द्यायला तयार होतात, नाहीतर "एकदा बाहेर पडलो की परत घेणार नाहीत" या धास्तीने गळक्या खोलीत राहतात.

पायरी ४: यादी, परवानगी आणि नोटीस

वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का ते हेरिटेज विभागात जाऊन बघा. यादीत असेल तर ग्रेड असते. ग्रेड एकमध्ये जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दोनमध्ये बाहेरून हात लावायचा नाही पण आत गरजेपुरते बदल होतात, तीनमध्ये परिसराला साजेल असे बदल विचारून करता येतात. कुठल्याही ग्रेडला आयुक्तांची परवानगी लागते आणि ती हेरिटेज समितीच्या सल्ल्याने मिळते. यादीत नसेल तर कौलं फेरणं, गिलावा, रंग अशा किरकोळ कामांना सहसा परवानगी लागत नाही, तरीही काम सुरू करायच्या आधी कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात विचारलेलं बरं.

शनिवारवाड्याच्या आसपास राहत असाल तर वेगळा कायदा लागतो. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. १०० मीटरच्या आत दुरुस्ती करता येते पण त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने मिळणारी परवानगी घ्यावी लागते. बरेच जण याचा अर्थ "काहीच करता येत नाही" असा घेतात आणि वाडा तसाच सोडून देतात. तसं नाहीये, दुरुस्तीची वाट उघडी आहे, वेळ लागतो एवढंच, त्यामुळे अर्ज दिवाळीतच टाका म्हणजे उन्हाळ्यात काम करता येईल.

पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येऊ शकते, महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली. घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. वर्गवारी बघा: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. स्ट्रक्चरल ऑडिट कुणाकडून करून घेताय यावर फार अवलंबून आहे. फक्त आरसीसीची सवय असलेला इंजिनियर मातीची भिंत बघून सरळ सी-१ लिहितो, कारण त्याच्याकडच्या चाचण्या काँक्रीटच्या आहेत. लाकडी सांगाड्याचं काम केलेला इंजिनियर शोधा, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेकडे किंवा आर्किटेक्चर कॉलेजांमधल्या संवर्धन शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे चौकशी केली तर नावं मिळतात. त्याचा रिपोर्ट लावून नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. आणि तो माणूसच म्हणाला की हा भाग धोक्याचा आहे तर त्या दिवशी तो भाग रिकामा करायचा, त्यात भावनेचा विषय नको, माणसाचा जीव आधी.

पायरी ५: पाणी

इथे सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घाला. वरून खाली या.

आधी छप्पर. एप्रिल-मेमध्ये शाकारणी करून घ्या. सगळी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कौलांखालच्या रिपा (लाकडी पट्ट्या) आणि वासे तपासायचे, मग परत लावायची. मंगलोरी कौलं जुनी चांगली मिळतात, पाडलेल्या घरांची, ती घेऊन ठेवा, दर वर्षी शंभरेक लागतातच. आढ्यावरची आणि दोन उतारांच्या पाणकोनातली कौलं नीट बघा, गळती बहुतेक तिथूनच असते. कौलांवर पत्रा टाकून मोकळं होणारे खूप आहेत. तात्पुरतं म्हणून ठीक, पण पत्र्याखाली हवा कोंडते, लाकूड सुकत नाही, आणि खाली काय कुजतंय ते दिसत नाही.

मग पन्हळ आणि पागोळ्या. छपराचं पाणी भिंतीपासून लांब पडलं पाहिजे. चौकात पडणारं पाणी जाण्यासाठी मोरी असते, ती पिढ्यान्‌पिढ्या साफ झालेली नसते, ती उघडा. बुजवलेला आड असेल तर पावसाळ्यात त्यावर पाणी साठतंय का बघा, सैल भरावात पाणी मुरतं आणि आजूबाजूचं जोतं खचतं. आड नुसता झाकलेला असेल तर तो गाळ काढून परत सुरू करणं उत्तम, चौकातल्या पाण्याला जायला जागा होते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आणून पेठांमधल्या हौदांना पाणी खेळवलं होतं. काही वाड्यांखाली, रस्त्यांखाली त्याचे जुने मार्ग अजून आहेत, त्यामुळे खणताना दगडी-चुन्याची पोकळी लागली तर फोडू नका, आधी कुणा जाणकाराला दाखवा.

आता रस्ता. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. पेठांमधले रस्ते दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकून उंच होत गेलेत. ज्या जोत्याला तीन पायऱ्या चढून जायचो तिथे आता एक उरलीये, काही ठिकाणी उंबरा रस्त्याच्या खाली गेलाय आणि पाऊस पडला की पाणी सरळ देवडीत. रस्त्याचं काम निघालं की क्षेत्रीय कार्यालयात गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या की जुना थर खरवडून मग नवा टाका. एकट्याच्या अर्जाने होत नाही, वीस सह्यांनी होतं. तोवर उंबऱ्याबाहेर जाळीची आडवी नाली करून घ्या.

सगळ्यात मोठा धोका शेजारच्या पाडकामाचा. पेठेतल्या वाड्यांची मधली भिंत सामाईक असते, शेजारचा वाडा उतरवला की जी भिंत दोनशे वर्षं घराच्या आत होती ती एकदम उघडी पडते, गिलावा नाही, वर छप्पर नाही, आणि आत माती. पहिल्याच पावसात ती धुपायला लागते. शेजारी पाडकाम ठरल्याचं कळलं की लगेच लेखी कळवा, भिंतीला धिरे (तिरके टेकू) देण्याची आणि उघड्या बाजूला पत्रे लावण्याची जबाबदारी त्यांनी घ्यायची असं लिहून घ्या, आणि महापालिकेला प्रत द्या. त्यांनी नाही केलं तर स्वतःच्या खर्चाने करा पण उघडी ठेवू नका.

भिंतीत पिंपळ-उंबर उगवला असेल तर लहान असतानाच मुळासकट काढा. मोठा झाला असेल तर ओढू नका, मुळाबरोबर भिंत येते. कापून, मूळ मारून, ते सुकल्यावर हळूहळू काढायचं आणि भेग चुन्याने भरायची.

पायरी ६: भिंती, आणि सिमेंट का नको

वाड्याचा भार बहुतेक ठिकाणी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो आणि भिंत मधे भरलेली असते, खाली दगड, वर पातळ विटा किंवा पांढरी माती. म्हणून भिंत फुगलेली दिसली म्हणजे वाडा पडतोय असं नाही आणि भिंत सरळ दिसतेय म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे, शाबूत असली तर तो जुना तडा आहे.

मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल थोडी वर चढतेच, ती भिंतीच्या पृष्ठभागातून उडून जाते. वरून सिमेंटचा गिलावा केला की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही, ओल आणखी वर चढते, तुळईच्या टोकापर्यंत जाते, क्षार साठून लोणा लागतो आणि दोन-तीन वर्षांत सिमेंटचे पापुद्रे मागची माती घेऊन पडतात. गवंडी सांगेल "सिमेंट मजबूत असतंय", नव्या इमारतीत ते खरंही आहे, इथे मात्र मऊ भिंतीवर कडक कवच बसतं. ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंटचंही तेच.

मातीच्या भिंतीला माती आणि भुसा, विटांच्या भिंतीला चुना. कळीचा चुना आणून पाण्यात विरवायचा, तो उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे घालूनच आणि मुलं लांब ठेवून. विरवलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यायचा, जितका मुरेल तितका चांगला. साधारण एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, ओलीच्या जागी थोडी वाळू कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. गूळ, बेलफळ, हिरडा हे पूर्वी घालायचे, जाणता गवंडी असेल तर घालेल, नसेल तर मापं ऐकून प्रयोग करू नका. थर पातळ, बोटाच्या रुंदीपेक्षा कमी, दोन थरांत दिवस जाऊ द्यायचे आणि उन्हात तडकू नये म्हणून ओली गोणपाटं लटकवायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिनोन्‌महिने कडक होत राहतो, त्यामुळे आठवड्यात काम संपवून देणारा ठेकेदार घेऊच नका. आधी एका आतल्या भिंतीवर चार फूट तुकडा करून घ्या, एक पावसाळा बघा, मग पुढे.

पायरी ७: लाकूड

टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि तुळयांची टोकं, खांबांचे पाय, चौकटींचे खालचे कोपरे टोचून बघा. हातोडीने वाजवा, आवाज बद्द आला तर आत पोकळ आहे. लाकूड मधे जवळजवळ कधीच जात नाही, जातं ते टोकाला. म्हणून पूर्ण तुळई बदलायची गरज फार कमी वेळा असते, खाली टेकू देऊन कुजलेलं टोक कापायचं आणि तिथे जुनं सागवान खाच-कुसवाने जोडायचं. हे करणारे सुतार कमी झालेत, सापडला तर त्याच्या हाताखाली एखादा मुलगा शिकायला द्या. नवीन ओलं लाकूड वापरू नका, ते आकसतं आणि जोड उघडतो.

वाळवीसाठी आधी ओल बंद करा. नंतर आतल्या कोरड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाण्यातलं मिश्रण दोन-तीन हात लावता येतं. पावसात भिजणाऱ्या लाकडाला उपयोग नाही, धुऊन जातं. चकाकणारं व्हार्निश नको, तेलपाणी पुरे.

पायरी ८: वायरिंग आणि संडास

वायरिंग पूर्ण नवीन करा, पाइपातून, प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), आणि मुख्य बोर्डाला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). लाकडी वाड्याला आग काय करते ते पुण्याने पाहिलंय, १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला, १८७९ मध्ये बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला. माडीवर उघड्या वायरी आणि खाली जुन्या रद्दीचे गठ्ठे असतील तर आजच रद्दी काढा. संडास-बाथरूम माडीवर लाकडी जमिनीवर काढू नका, खाली मागच्या बाजूला, मूळ भिंतींपासून सुटी करा.

पायरी ९: वाडा वापरात ठेवा

बंद खोली आधी जाते, कारण गळती कुणाला दिसत नाही. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, पुढे वेगवेगळी ऑफिसं, आणि तो अजून लक्ष्मी रोडच्या जवळ उभा आहे. तुमच्या रिकाम्या माडीवर क्लास, अभ्यासिका, छोटं ऑफिस, काहीही चालेल, फक्त जड सामान नको, पुस्तकांचं गोदाम तर अजिबात नको, माडीची लाकडी जमीन, म्हणजे कडीपाट, वाकतो.

वर्षाचं वेळापत्रक असं ठेवा. मेमध्ये छप्पर आणि पन्हळी. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री टॉर्च घेऊन माळ्यावर जा, जिथे थेंब दिसेल तिथे खडूने गोल करा, आणि पाऊस उघडल्यावर कौल बदला. गणपतीच्या आधी रस्त्याकडची सैल कौलं आणि सज्जाच्या फळ्या तपासा, मिरवणुकीचे आवाज आणि गर्दी दोन्ही असतात. ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्या खिडक्या-दारं उघडून वाडा सुकवा, काचपट्ट्या बघा. दिवाळीनंतर चुन्याचं काम, उन्हाळ्यात सुताराचं. प्रत्येक कामाची एका वहीत नोंद करा, तारीख, कारागीर, चुना-वाळूचं माप, कुठल्या नंबरच्या खांबाला काय केलं, खर्च किती आणि कुणी दिला, आणि वहीची एक झेरॉक्स दुसऱ्या हिस्सेदाराच्या घरी ठेवा.